बिनतारी माऊस आणि अध्यापकाचे टेबल : तार गेल्यानंतर उरलेली कामे

बीजशब्द : बिनतारी माऊस, लॅपटॉप, डोंगल, रेडिओलहरी, पेन्सिल सेल, गुणनोंद

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत महाविद्यालयीन अध्यापकाच्या कामाचे स्वरूप मोठ्या प्रमाणात बदलले आहे. व्याख्यान, टाचण आणि उत्तरपत्रिका यांच्या जोडीला अंतर्गत गुणांची संगणकीय नोंद, मूल्यांकनासाठी द्यावयाची माहिती, हजेरीचे तक्ते आणि शोधनिबंधांची जुळणी अशी अनेक कामे आली. ही कामे करण्यासाठी अध्यापकाने लॅपटॉप घेतला आणि काही महिन्यांतच त्याला टचपॅडवर बोट घासण्याचा कंटाळा येऊ लागला. दोनशे विद्यार्थ्यांचे गुण भरताना टचपॅडवर जो वेळ जातो त्याच्या निम्म्या वेळात ते काम माऊसने होते, हा अनुभव बहुतेकांचा असावा. असा माऊस विकत घेताना आज दुकानदार बहुधा बिनतारी माऊसच पुढे करतो. दोऱ्याचा गुंता नाही, पिशवीत ठेवायला सोपा, आणि तारेच्या माऊसपेक्षा फार महागही नाही. अध्यापक तो घेतो, लॅपटॉपला नखाएवढा डोंगल जोडतो आणि काम सुरू होते.

तक्रारी त्यानंतर येतात. बाण मध्येच अडखळतो, वर्ग चालू असताना माऊस निपचित पडतो, कधी शेजारच्या टेबलावरचा बाण हलू लागतो. अशा वेळी वस्तू 'खराब निघाली' असा निष्कर्ष काढून ती बदलली जाते आणि नवी वस्तूही तशीच वागते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, यांपैकी बहुतेक तक्रारी वस्तूच्या दोषातून उद्भवत नाहीत. माऊसची तार तीन कामे करीत होती. ती संदेश नेत होती, वीज पुरवीत होती आणि कोणता माऊस कोणत्या संगणकाचा आहे हे डोळ्यांना दाखवीत होती. तार काढली तरी ही कामे संपत नाहीत. ती वापरणाऱ्याकडे येतात. ती कोणती आणि कशी पार पाडावीत, याचे विवेचन येथे पुणे जिल्ह्यातील, विशेषतः नगर रस्त्यावरील कोरेगाव भीमा परिसराच्या संदर्भात केले आहे.

शेपटीची हकीकत

माऊस हे नावच मुळी तारेमुळे पडले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली लाकडी खोक्यात दोन चाके बसवून पहिला नमुना तयार केला. त्याच्या मागून निघणारी तार शेपटीसारखी दिसे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे या साधनाचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि १९७० साली त्याचे पेटंट मिळाले. शेपूट कापण्याचा प्रयत्न १९८४ मध्ये लॉजिटेक कंपनीने अवरक्त किरणांच्या साहाय्याने केला. दूरदर्शन संचाच्या रिमोटप्रमाणे या माऊसलाही समोर मोकळी वाट लागे. मध्ये पुस्तक आले की संदेश तुटे. याच कंपनीने १९९१ मध्ये रेडिओलहरींवर चालणारा माऊस आणला आणि ही अडचण दूर झाली. आपण आज वापरतो तो त्याचाच वंशज. (मराठीत माऊसला 'मूषक' म्हणण्याचा प्रयत्न काहींनी करून पाहिला. गणपतीच्या वाहनाशी त्याची सांगड घालण्याचा मोह आवरला असता तर कदाचित तो शब्द रुळलाही असता.)

'बिनतारी' हा शब्द मात्र मराठीला मुळीच नवा नाही, आणि या जिल्ह्याला तर तो विशेष परिचयाचा आहे. राज्याच्या पोलीस दलाच्या बिनतारी संदेश विभागाचे मुख्य कार्यालय पुण्यात पाषाण रस्त्यावर आहे. त्याच्याही पूर्वी, १९२७ साली, भारत आणि इंग्लंड यांच्यामधील बिनतारी तारसेवा सुरू झाली ती याच जिल्ह्यातून. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी २३ जुलै १९२७ रोजी तिचे उद्घाटन केले. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. तुळापूरला इंद्रायणीला पोटात घेऊन कोरेगावापाशी येणारी भीमा पुढे दौंडलाच जाते, एवढे सांगितले म्हणजे स्थळाची कल्पना येईल.

खडकी आणि दौंड यांच्यात सत्तर-ऐंशी किलोमीटरचे अंतर आहे. पाठविणे आणि घेणे ही कामे एकाच आवारात का केली जात नसत? हजारो मैलांवरून येणारा संदेश ग्रहणाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. त्याच्या शेजारीच बलवान प्रक्षेपक गर्जत असेल तर तो संदेश ऐकू येणे कठीण होते. यात्रेत ढोलताशाच्या पथकाशेजारी उभे राहून कानगोष्ट ऐकण्यासारखे ते आहे. ग्राहकाला गोंगाटापासून दूर ठेवणे हे बिनतारी विद्येचे जुने सूत्र आहे, आणि लॅपटॉपच्या कडेला खोचलेल्या डोंगलला ते शंभर वर्षांनंतरही तसेच लागू पडते.

संदेशाची वाट

माऊसच्या पोटात एक लहान दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. दिव्याच्या उजेडात कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो. लागोपाठच्या दोन चित्रांतील खुणा किती आणि कोणत्या दिशेला सरकल्या, हे आतील चकती मोजते आणि तेवढेच आकडे डोंगलकडे धाडते. यातून पहिली तक्रार उलगडते. आपल्याकडील कार्यालयीन टेबलावर हिरवे कापड आणि त्यावर काच घालण्याची प्रथा अद्याप आहे. काचेवर कॅमेऱ्याला खुणाच दिसत नाहीत आणि बाण जागच्या जागी थरथरतो. अशा वेळी माऊसखाली एखादी वही किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र ठेवावे. नवा माऊस आणण्याची गरज नाही.

आकडे धाडण्याचे काम साधारणपणे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात होते. या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. सुरुवातीचे रेडिओ माऊस २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. त्यांची लहर अकरा मीटरची, वाटा थोड्या आणि पल्लाही जेमतेम. नवा पट्टा त्या मानाने प्रशस्त आहे, तथापि तो मोकळा नाही. वाय-फाय, ब्लूटूथ आणि माऊस हे सर्व त्याच पट्ट्यात वावरतात आणि मायक्रोवेव्ह भट्टीची गळतीही तेथेच येते. वाय-फायच्या राऊटरची शक्ती साधारण १०० मिलिवॅट, तर माऊसची १ मिलिवॅटच्या आसपास. म्हणजे माऊस हा या बाजारातील सर्वांत हळू आवाजाचा माणूस होय.

या गर्दीला कायद्याचीही बाजू आहे. १९३३ च्या बिनतारी तारयंत्र कायद्यानुसार बिनतारी उपकरण परवान्याशिवाय बाळगता येत नसे. १९८० च्या दशकापर्यंत घरातल्या रेडिओलाही परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. केंद्र शासनाने जानेवारी २००५ च्या नियमांन्वये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. ही सूट सशर्त आहे. उपकरणाने दुसऱ्याला व्यत्यय आणू नये, पट्टा सर्वांनी मिळून वापरावा, आणि इतरांचा व्यत्यय झाला तर संरक्षणाचा हक्क सांगता येणार नाही. ही तिसरी अट आपल्याला महत्त्वाची आहे. शेजाऱ्याच्या राऊटरमुळे आपला माऊस अडखळला तर दाद मागण्याची जागा नाही. उपाय आपणच करावयाचा.

कोरेगाव भीमा आणि लगतची सणसवाडी हा औद्योगिक पट्टा आहे. कामगारांच्या वस्तीमुळे येथे खोलीला खोली लागून इमारती उभ्या राहिल्या आणि घरोघर राऊटर आले. येथील भाड्याच्या घरात बसून काम करणाऱ्या अध्यापकाच्या माऊसला पुण्यातील पेठेत असते तशीच गर्दी भेटते. याच जिल्ह्याच्या उत्तरेला, जुन्नर तालुक्यात खोडद येथे, याच्या अगदी उलट चित्र आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तेथे उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरलहरी दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, ३० तबकड्या आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओसंदेश टिपतात. मानवनिर्मित रेडिओगोंगाट कमी असणे हे ती जागा निवडण्यामागील एक कारण होते. आपला माऊस या दुर्बिणीच्या सुमारे १४५० मेगाहर्ट्झच्या वरच्या मर्यादेपलीकडे बोलतो, हे खरे. पण शांततेची किंमत काय असते हे खोडदला गेल्यावर कळते.

गर्दीतून वाट काढण्याची युक्ती तंत्रज्ञांनी शोधली आहे. ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत पट्ट्याचे ७९ भाग पाडले आहेत आणि दोन्ही उपकरणे ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १६०० वेळा भाग बदलतात. एका भागात धडक झाली तरी पुढच्या क्षणी ती दुसरीकडे असतात. २०१० साली आलेल्या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये ४० भाग आहेत. डोंगलचे माऊसही आपापल्या रीतीने अशीच जागा बदलतात. त्यामुळे राऊटर असूनही काम बहुधा सुरळीत चालते.

मग बाण अडखळतो तो का? याचे सर्वांत दुर्लक्षित कारण लॅपटॉपलाच खोचलेले असते. निळ्या रंगाच्या खाचेत बसणारी यूएसबी ३.० प्रकारची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह सेकंदाला ५ अब्ज बिट या वेगाने माहिती हलविते. या वेगामुळे जो विद्युत्-गोंगाट निर्माण होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सांडतो. इंटेल कंपनीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात हे मोजमापांसह दाखविले आहे. डोंगल शेजारच्याच खाचेत असेल तर त्याला दोन बोटांच्या अंतरावर ढोल वाजत असतो. विभागातील सर्व कागदपत्रे हार्ड डिस्कवर उतरविण्याचे काम चालू असतानाच माऊस बिघडतो, याचे इंगित हे आहे. उपाय खडकी-दौंडचाच आहे. ग्राहक दूर न्यावा. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या कडेला खोचावा, किंवा अर्ध्या मीटरच्या वाढीव यूएसबी तारेने तो माऊसजवळ आणून ठेवावा. तारेपासून सुटका व्हावी म्हणून घेतलेल्या माऊसला पुन्हा तार जोडावी लागते यात विनोद आहे खरा; परंतु मोठ्या वर्गात व्याख्यान देताना ही अर्धा मीटर तार फार उपयोगी पडते. मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. अध्यापक फळ्याकडे जाताना स्वतः माऊस आणि लॅपटॉप यांच्या मध्ये येतो आणि पडद्यावरचे चित्र पुढे सरकत नाही.

विजेची तरतूद

तारेच्या माऊसला संगणकाकडून ५ व्होल्टची वीज अखंड मिळते. बिनतारी माऊसला ती एका पेन्सिल सेलमधून काढावी लागते. हिशेब साधा आहे. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये सुमारे २५०० मिलिअँपिअर-तास साठा असतो. वापरात असताना सरासरी ५ मिलिअँपिअर घेणारा माऊस गृहीत धरला आणि तो रोज चार तास चालविला, तर रोजचा खर्च २० मिलिअँपिअर-तास होतो, म्हणजे सेल १२५ दिवस पुरावा. एक सत्र निघाले पाहिजे. प्रत्यक्षात ते अनेकदा निघत नाही.

याचे कारण प्रवासात आहे. माऊस काही वेळ न हलविल्यास तो झोपी जातो आणि हलविला की जागा होतो. वाघोलीच्या कोंडीतून कोरेगावला येणाऱ्या बसमध्ये पिशवीतला माऊस तासभर हिंदकळत असतो. बटन चालू राहिले असेल तर तो दर धक्क्यागणिक जागा होतो, दिवा लावतो आणि नसलेल्या डोंगलला हाका मारीत राहतो. पोटाखालचे बटन बंद करण्याची सवय हा यावर एकमेव उपाय आहे. याची उलट बाजूही आहे. बटन बंद ठेवल्याचे विसरून वर्गात माऊस 'मेला' म्हणून जाहीर करणारे सहकारी प्रत्येक महाविद्यालयात असतात.

पुनर्भारित होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल वापरता येतात. त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, त्यामुळे भरलेला सेल घातला तरी माऊस कधीकधी सेल संपत आल्याचा इशारा देतो. त्याकडे लक्ष देऊ नये. किराणा दुकानात मिळणारे स्वस्त झिंक-कार्बन सेल घड्याळाला ठीक आहेत. माऊसमध्ये ते ठेवून उन्हाळ्याच्या सुटीला गेल्यास जूनमध्ये आतील पत्र्यावर पांढरी बुरशीसारखी पूड आढळण्याचा संभव असतो. सुटीपूर्वी सेल काढून ठेवणे बरे. आणखी एक कारण माऊसबाहेरचे आहे. लॅपटॉप स्वतःची वीज वाचविण्यासाठी निष्क्रिय यूएसबी खाच झोपवितो, आणि त्यामुळेही बाण काही क्षण प्रतिसाद देत नाही. लॅपटॉपच्या मांडणीतून ही बचत बंद करता येते.

संपलेल्या सेलचे काय करावयाचे, हा प्रश्न तारेच्या माऊसला कधी पडला नाही. २००१ चे बॅटरीविषयक नियम शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरते होते, पेन्सिल सेल त्यांत येत नव्हते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ते आणले. वापरलेला सेल घरच्या मिश्र कचऱ्यात न टाकता वेगळा देणे ही ग्राहकाची जबाबदारी ठरली आणि तो परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. महाविद्यालयाच्या भांडार विभागात यासाठी एक डबा ठेवणे अवघड नाही. पर्यावरणशास्त्र हा सर्व शाखांना अनिवार्य विषय शिकविणाऱ्या संस्थेत तो नसणे हे मात्र खटकते.

कोण बोलते आहे?

तारेचे तिसरे काम सर्वांत अबोल होते. तार हाताने चाचपत गेले की ती कोणत्या संगणकाला जोडली आहे ते कळे. बिनतारी माऊस आणि त्याचा डोंगल यांचे नाते कारखान्यातच एका क्रमांकाने जुळविलेले असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. या नात्याचा विसर पडल्यास काय होते, याचा एक प्रसंग प्रस्तुत लेखकाच्या अनुभवातील आहे. परीक्षा विभागासाठी एकाच वेळी घेतलेले दोन सारखे माऊस लगतच्या टेबलांवर होते. दुपारच्या सुटीत दोन्ही लॅपटॉप आवरून ठेवले गेले आणि सुटीनंतर डोंगलांची अदलाबदल झाली. मी माऊस हलविला, माझा बाण हलेना. सेल संपला असेल असे समजून मी त्याचे चाक दोन-चारदा मागेपुढे फिरविले. शेजारच्या मॅडम त्या वेळी किबोर्डवरून गुण भरीत होत्या आणि नजर कागदी यादीवर होती. त्यांचा बाण गुणांच्या चौकटीवर उभा होता. अशा काही चौकटींत चाक फिरविले की आकडा वर-खाली होतो. एका विद्यार्थिनीचे ३४ गुण ३१ झाले.

सायंकाळी छापील प्रत मूळ यादीशी ताडून पाहताना हे उघडकीस आले, म्हणून निभावले. त्या विषयात उत्तीर्ण होण्यास अंतर्गत आणि लेखी गुणांची बेरीज पाहिली जाते, आणि तीन गुण ही क्षुल्लक बाब नव्हे. दोष कोणाचा म्हणावा? माऊसने सांगितलेले काम चोख केले होते. मॅडमनी काही चुकीचे दाबले नव्हते. तारेच्या माऊसने ही चूक घडणे शक्य नव्हते, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

हे अनवधानाने झाले. हेतुपुरस्सरही होऊ शकते, असे २०१६ साली अमेरिकेतील बॅस्टिल या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले. अनेक नामांकित कंपन्यांचे किबोर्ड आपला संदेश गुप्तलिपीत पाठवीत होते, माऊस मात्र उघड भाषेत. माऊसच्या हालचालीत गुपित ते काय, असा त्यामागे विचार होता. गफलत डोंगलमध्ये होती. माऊस म्हणून ओळख सांगणाऱ्या परक्या उपकरणाने किबोर्डची अक्षरे पाठविली तर कित्येक डोंगल तीही निमूटपणे स्वीकारीत. थोड्या खर्चाचे यंत्र घेऊन सुमारे शंभर मीटरवरून दुसऱ्याच्या संगणकावर आज्ञा टंकलिखित करता येत होत्या. काही कंपन्यांनी दुरुस्ती पुरविली. परंतु अनेक डोंगल असे होते की त्यांच्या आतील आज्ञावली बदलताच येत नाही. असे जुने डोंगल अजूनही कपाटांत आणि टेबलांवर आहेत. वर्गापुरते ते वापरण्यास हरकत नाही. ज्या संगणकावर परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका उतरवून घेतली जाते किंवा गुण भरले जातात, तेथे तारेचा माऊस असावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची किंमत दोन-तीनशे रुपयांच्या घरात असते, आणि त्या टेबलावरून पिशवीत घालून तो कोठे न्यावयाचाही नसतो.

मॅडमनी त्याच आठवड्यात घरून नेलपॉलिशच्या दोन बाटल्या आणल्या. एका माऊसच्या पोटावर आणि त्याच्या डोंगलवर तांबडा ठिपका दिला, दुसऱ्या जोडीला चंदेरी. वापर संपला की डोंगल सेलशेजारच्या खोबणीत परत जातो, आणि जाताना दोन्ही ठिपके एकदा पाहिले जातात. गुणनोंदीच्या टेबलावर आता तारेचा माऊस आहे. तार थोडी आखूड आहे, त्यामुळे लॅपटॉप उजवीकडे सरकवून घ्यावा लागतो.